सुक्या बोंबलाचं इंग्रजी

ज्या गोष्टीचा पिक्चर निघत नाही ती गोष्ट कच्चीच राहते, हे आता सर्वमान्य झालं आहे. आमच्या घोलवडकडे हे समजायला सोपं जातं. चिकू झाडावर पिकत नाही. तो उतरवून, धुऊन, खोक्यात भरून ठेवावा लागतो, तेव्हा कुठे खाण्यालायक होतो. पुस्तकाचंही तसंच आहे. कुणीतरी लिहिलं, मुलांनी वाचलं, एवढ्याने ते पिकत नाही. त्याला उतरवून पडद्यावर ठेवावं लागतं. (तोवर त्याला पुस्तक म्हणणं ही केवळ लेखकाची समजूत काढण्याची रीत आहे.)

हे काम किती जबाबदारीने करता येतं याचा नमुना म्हणून ‘डहाणू-तलासरी बालचित्रपट रूपांतर समिती’च्या २०१५ ते २०१९ या कारकिर्दीकडे बोट दाखवता येईल. मी या समितीचा सचिव होतो. आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाला परीकथांची आवड असतेच, म्हणून माझी निवड झाली.

पुस्तक होतं वरोरच्या जमुनाताईंचं. जमुनाताई अंगणवाडी सेविका. मुलांना भरवताना त्या रोज एक गोष्ट सांगत, आणि त्यातली एक गोष्ट इतकी वाढत गेली की २०१४ साली त्यांनी ती छापून घेतली. ‘सुक्या बोंबलाची स्वारी’, पानं चौसष्ट, प्रती तीनशे. धाकली नावाची एक मुलगी सुका बोंबील कालवणासाठी पाण्यात भिजत घालते, तो जिवंत होतो, फुगून होडीएवढा होतो आणि तिला पाठीवर घेऊन समुद्राच्या तळाशी जातो. तिथे एक गाव असतं. समुद्रात आजवर जे जे हरवलं ते सगळं तिथे जमा झालेलं असतं: चपला, बादल्या, जाळ्यांना तरंगत ठेवणाऱ्या बोयऱ्या, बिस्किटांचे पुडे, एक आख्खा ट्रक. त्या गावची राणी धाकलीला म्हणते, “तूही हरवलेलीच आहेस. इथंच राहा.” पुढे काय होतं ते कामकाजाच्या ओघात येईलच.

तलासरीचे मनिष सर इंग्रजी शिकवतात. त्यांना मोबाइलवर परदेशातल्या एका बालचित्रपट महोत्सवाचा अर्ज सापडला. दरवर्षी भरणारा महोत्सव. तलासरीचाच सुनिल लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा, त्याने कॅमेऱ्याची तयारी दाखवली. धाकलीचं काम करायला वरोरचीच चिमी निवडली गेली. वय नऊ, उंची चार फूट, पुढचा एक दात नाही. चिमी पाच वर्षांची असल्यापासून ही गोष्ट ऐकत आली होती, आणि तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: त्या बोंबलावर बसायचं. तिने तसं पहिल्याच सभेत येऊन सांगितलं. सभेने त्याची नोंद घेतली.

सगळं महिनाभरात उरकलं असतं. पण अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक रकाना होता: ‘पडद्याखालील इंग्रजी मजकूर: ब्रिटिश / अमेरिकन. लागू नसेल ते खोडावे.’

या खोडण्याला चार वर्षं लागली.

बाहेरच्या माणसाला हे जास्त वाटेल. त्याने आधी आमच्या भागाची जीभ समजून घ्यावी. इथे एकाच माशाला झाई गावात एक नाव असतं, वरोरला दुसरं, आणि तलासरीच्या बाजारात ‘कसे दिले?’ एवढंच. घरात एक भाषा, शेतावर दुसरी, कचेरीत मराठी, आणि दमणगंगेपलीकडच्या व्यापाऱ्याशी गुजराती. इतक्या भाषा सांभाळणाऱ्या माणसांना इंग्रजी एकच असेल असं वाटलं होतं, आणि ते वाटणं किती भोळं होतं हे मनिष सरांनी दाखवून दिलं. इंग्रज ज्याला लॉरी म्हणतो त्याला अमेरिकन ट्रक म्हणतो. इंग्रज टॉर्च लावतो, अमेरिकन फ्लॅशलाइट. वरोरचा माणूस मात्र ‘टॉर्च घे, ट्रक आला’ असं एका दमात म्हणतो, म्हणजे अर्ध्या वाक्यात एक महासागर ओलांडतो आणि त्याला साधा दमही लागत नाही. असं बेशिस्त इंग्रजी परदेशात पाठवणं समितीला शोभलं नसतं.

समितीत दोन पक्ष पडले. ब्रिटिश पक्षात मनिष सर. त्यांच्याकडे शब्दकोश होता. त्याची शेवटची काही पानं गेली असल्याने झेब्र्याबद्दल सरांचं मत कधी समजलं नाही. अमेरिकन पक्षात आमचे अध्यक्ष, घोलवडचे चिकू-बागायतदार हार्दिकभाई. त्यांची धाकटी बहीण रुपल अकरा वर्षं अमेरिकेत आहे.

“सर, तुमच्याकडे चोपडी हाय,” हार्दिकभाई म्हणाले, “माझ्याकडे जिवंत माणूस हाय. मारी सगी बेन. चोपडी मोठी की बेन मोठी?”

“माणसं चुकीचं बोलतात, भाई,” सर शांतपणे म्हणाले. “शब्दकोश कधी बोलतच नाही.”

सहाव्या सभेत रुपलबेनला व्हिडिओ कॉल लावून साक्ष काढण्यात आली. अंधारात तिथले लोक टॉर्च लावतात की फ्लॅशलाइट, असा लेखी प्रश्न मी वाचून दाखवला. रुपलबेन म्हणाल्या, “आम्ही तर फोनचाच लाइट लावतो ने.” मग त्यांनी चिकूचा भाव विचारला आणि रेंज गेली. ही साक्ष दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने धरली.

मधल्या काळात बोंबील तयार झाला. तो रामूभाऊंनी बांधला. रामूभाऊ वरोरचे, होड्यांची डागडुजी करण्यात हयात गेलेली. बांबूचा सांगाडा, त्यावर जुनं जाळं, वरून चंदेरी रंग, पोटाखाली तरंगायला रिकामे कॅन. लांबी अकरा फूट. पाठीवर चार फूट उंचीच्या मुलीच्या मापाची बैठक. समुद्रात जाणाऱ्या वस्तूवर नंबर नसला तर किनाऱ्यावरची पोलीस चौकी हटकते, म्हणून रामूभाऊंनी आपल्या मोडीत काढलेल्या होडीचा नंबर बोंबलाच्या गालफडावर रंगवला. नारळ फोडून पूजाही झाली. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडवात त्याला नेऊन ठेवलं, म्हणजे खऱ्या बोंबलांच्या मधोमध हा एक मोठा. नवखा माणूस बघून थबकायचा. वरोरची माणसं मात्र त्याच्यावर टॉवेल वाळत घालायची.

त्या मांडवाच्या खांबावर दर सभेच्या दिवशी रामूभाऊ चिमीची उंची रंगाने आखून ठेवत. बैठकीच्या मापासाठी हे लागतं असं ते म्हणाले. इतिवृत्तात ‘कामाची प्रगती’ असा एक रकाना असतो. त्यात दर वेळी लिहायला काहीतरी हवं, म्हणून मी तीच उंची लिहीत गेलो. पुढील आकडे त्यातून घेतले आहेत.

जून २०१५: चार फूट. वाद: टॉर्च.
जुलै २०१६: चार फूट तीन इंच. वाद: लिफ्ट की एलेव्हेटर. (समुद्रतळाच्या गावात म्हाकूल हा मासा आपल्या दहा हातांनी ओढतो ती.)
ऑगस्ट २०१७: चार फूट साडेसहा इंच. वाद: बिस्किट की कुकी. खात्री करण्यासाठी दोन्ही आणून खाण्यात आली. निर्णय पुढे ढकलला. पुन्हा आणण्याचं ठरलं.
मार्च २०१८: चार फूट दहा. वाद: ऑटम की फॉल.

शेवटच्या वादाबद्दल थोडा खुलासा. ऑटम हा ऋतू पुस्तकात नाही. तो डहाणूतही नाही. पण इतका चांगला शब्द दोन्ही देशांत वेगवेगळा असताना तो वापरायचाच नाही हे सरांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर घातला. ते म्हणाले, “शब्द आहे म्हटल्यावर ऋतू येईल.”

दर सभेच्या शेवटी चिमी दाराशी येऊन विचारायची, “कवा बसू मी?”

“टेन्शन नको घेऊ, दीकरी,” हार्दिकभाई म्हणायचे. “तुझाच काम चाललाय.”

हे खरंच होतं. तिचंच काम चाललं होतं, त्यामुळे तिला मध्ये येऊ देता येत नव्हतं.

जमुनाताई सभांना यायच्या आणि कोपऱ्यात बसायच्या. लेखिकेला रूपांतर समितीत मत नसतं. (असलं तर रूपांतर होत नाही.) एकदा त्या मला म्हणाल्या, “भाऊ, पोर वाढते ओ. बोंबील काय वाढायचा नाय.” मी हे वाक्य ‘इतर विषय’ या सदरात घेतलं. आज ते वाचताना मला माझीच लाज वाटते, पण हस्ताक्षर सुंदर आलं आहे.

या सूचनेमुळे समिती कामाला लागली आणि त्याच महिन्यात ठराव क्रमांक सतरा मंजूर झाला. तो असा: ‘चित्रीकरणास होत असलेला अपरिहार्य विलंब लक्षात घेता, कुमारी चिमी हिने आपली वाढ पुढील आदेश होईपर्यंत स्थगित ठेवावी.’ सूचक हार्दिकभाई, अनुमोदक मनिष सर. दोन्ही पक्षांचं एकमत झालेला समितीच्या इतिहासातला हा पहिला ठराव. त्याची प्रत मी स्वतः चिमीला पोच केली. तिने दोनदा वाचली.

“मी काय करू ओ?” ती म्हणाली. “मी तर निस्ता भात खाते.”

पोच म्हणून तिने सही केली. सहीसुद्धा गेल्या वर्षीपेक्षा मोठी होती.

अखेर कोंडी फोडली ती रामूभाऊंनी. त्यांच्या मते शब्दांचं भांडण हे मासळीच्या भांडणापेक्षा वेगळं नव्हतं, आणि मासळीचं भांडण वरोरला कधी कुणी चार वर्षं घातलेलं नव्हतं. होडी आली की वाळूवर मासळीचे वाटे घालतात. एक माणूस पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्याला हात लावून विचारतो, “हा कोणाचा?” पाठमोरा माणूस नाव घेतो. नाव घेतलं की विषय संपला. एक वाटा देवळाचा असतो. आणि वाटे उचलून झाल्यावर वाळूवर जी चिल्लीपिल्ली मासळी उरते ती भोवती जमलेल्या पोरांची. तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. उरलेलं पोरांचं.

ही पद्धत न्याय्य, जलद आणि विनाखर्च असल्याने समितीने ती सात सभांच्या चर्चेनंतर स्वीकारली. नोव्हेंबरात एका सकाळी वरोरच्या वाळूत ताडपत्री अंथरली गेली. एकेका चिठ्ठीवर मनिष सरांनी शब्दांची एकेक जोडी लिहिली होती. रामूभाऊ समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

“हा कोणाचा?” जमुनाताईंनी विचारलं.

“अमेरिकेचा.”

“हा?”

“साहेबाचा.”

“ह्यो?”

“देवळाचा.”

वीस मिनिटांत चार वर्षांचं काम झालं. टॉर्च साहेबाला गेला, ट्रक अमेरिकेला. पेट्रोल साहेबाला, कुकी अमेरिकेला. लिफ्ट, नळ आणि कचरा देवळाच्या वाट्याला आले, म्हणून ते मराठीतच ठेवायचे ठरले. (देवळाने अद्याप पोच दिलेली नाही.) ऋतू अमेरिकेला गेला. मनिष सर बराच वेळ वाळूत उकिडवे बसून होते. “मला त्याची सवय झाली होती हो,” ते म्हणाले. मला त्यांचं खरोखर वाईट वाटलं.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शब्दांनुसार वाटणी झाली तेव्हा असं आढळलं की वादाचे सगळे शब्द (सरांचा ऋतू सोडून) पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांतच आहेत. पान एक्केचाळीसपासून ना ट्रक, ना टॉर्च, ना बिस्किट. तिथे फक्त राणी, धाकली, बोंबील आणि समुद्र. त्या चोवीस पानांवर दोन्ही देशांचं काहीच म्हणणं नव्हतं, त्यामुळे ती कुठल्याच वाट्यात आली नाहीत. समितीने ती ‘निर्विवाद’ असा शेरा मारून बाजूला ठेवली.

चित्रीकरण फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं. चिमी तेरा वर्षांची होती, उंची पाच फूट एक इंच, दात पूर्ण. ती बोंबलावर बसायला गेली. आधी बैठकीत मावेना, मग बसली तर दोन्ही पाय खाली वाळूला टेकले, मग पाठीतला एक बांबू कटकन वाजला आणि रामूभाऊ म्हणाले, “उतर गं बाय.” सुनिल म्हणाला, नुसतं कमरेवरचं घेऊ. घेतलं. त्यात बोंबील दिसेना. मग नुसता बोंबील घेतला. त्यात चिमी दिसेना. दुसरी लहान मुलगी घ्यावी तर अर्जाला फोटो चिमीचा, तोही ती नऊ वर्षांची असतानाचा, ज्याच्याशी आता कुणाचाच चेहरा जुळत नव्हता. खुद्द चिमीचाही नाही. ती बोंबलाच्या शेपटीशी उभी होती आणि कुणाकडे बघत नव्हती. चार वर्षं रोज हवी असलेली एक गोष्ट तिच्या गुडघ्याएवढी होऊन समोर पडली होती. रडली असती तर आम्हाला समजूत तरी घालता आली असती. ती रडली नाही. तिने बोंबलाला चिकटलेली वाळू झटकली आणि घरी गेली.

समितीने व्यवहार्य मार्ग काढला. बोंबलावर बसण्याचे सर्व प्रसंग वगळण्यात आले. परतीचा प्रवास बोंबलावरूनच असल्याने तोही गेला. चित्रपट ‘इथंच राहा’ या राणीच्या वाक्यापाशी थांबवायचं ठरलं. एकूण लांबी चौदा मिनिटं, त्यातली पाच मिनिटं गोष्ट, उरलेली नऊ आभार आणि नामावली. पडद्याखालचं इंग्रजी निर्दोष.

मे महिन्यात वरोरला किनाऱ्यालगतच्या मैदानात संध्याकाळी पहिला खेळ ठेवला. दोन बांबूंना धुतलेली चादर बांधली. साठ-सत्तर मुलं, त्यांच्या आया, मांडवात नेहमीच्या जागी बोंबील. पिक्चर सुरू झाला आणि लगेच राणीच्या वाक्यापाशी आला. “तूही हरवलेलीच आहेस. इथंच राहा.” मग अध्यक्षांचा फोटो आला.

“आन मग?” पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं.

समिती त्या वेळी मोकळी नव्हती. शेवटी ‘समाप्त’ या अर्थाचा जो इंग्रजी शब्द टाकला होता तो कुणाच्या वाट्याचा, हे ठरवायचं राहून गेल्याचं हार्दिकभाईंच्या लक्षात आलं होतं. मनिष सरांनी शब्दकोश उघडला. दोन्ही देशांत तो शब्द एकच आहे असं निष्पन्न झाल्यावर सभेत काही काळ निराशा पसरली. मी ती नोंदवत होतो.

म्हणून पुढचं मी फक्त मान वर करून दोन-चारदा पाहिलं. चिमी उठली होती. तिने मांडवातून बोंबील ओढून काढला. रामूभाऊ काही बोलायला गेले, तर ती म्हणाली, “तुमचे वाटे झाले ना काका? उरलेलं पोरांचं.” मग त्यांनीच दुसऱ्या बाजूने हात लावला. भरती नुकतीच ओसरली होती. तिने बैठकीत सगळ्यात लहान तिघांना एकापुढे एक बसवलं, शेपूट स्वतःच्या हातात धरली, आणि गुडघाभर पाण्यात बोंबील ढकलत ढकलत ती पुढचं सांगू लागली. सगळी मुलं पाण्याच्या कडेने तिच्याबरोबर चालत गेली. त्यांच्यामागे आया गेल्या. जमुनाताई पदराने डोळे पुसत त्यांच्यामागून गेल्या.

चादरीवर माझं नाव आलं तेव्हा मैदानात भाई, सर, सुनिल आणि मी असे चौघेच होतो.

लांबून मुलं दोनदा खळखळून हसली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. इतकं की हार्दिकभाईही बोलायचे थांबले आणि वळून पाहायला लागले. मग एकदम ओरडा झाला, आणि बोंबील किनाऱ्याकडे परत वळला. त्यावर बसण्यासाठी नवीन तिघं भांडत होती.

परतताना मी जमुनाताईंना गाठलं. म्हटलं, “ताई, शेवटी काय झालं तिचं? धाकलीचं?”

त्या चालता चालता थांबल्या. “पुस्तकात हाय की भाऊ,” त्या म्हणाल्या. “चार वर्सं मिटिंगा केल्या, वाचला नाय तुमी?”

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच चकित झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोवीस पानं वाचली. एका बैठकीत, पाऊण तासात. त्यात काय आहे ते इथे सांगणार नाही. ते समितीच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

आता अर्थात तुम्हालाही धाकलीचं पुढे काय झालं असा प्रश्न पडला असेल. समितीचा हा वृत्तांत याआधी अकरा जणांनी वाचला. अकराही जणांना ही चुटपुट लागली, अकराही जण आम्हाला मनापासून हसले, आणि अकराही जणांनी चौकशीसाठी मला फोन केला. जमुनाताईंच्या घरी पुस्तकाच्या दोनशे सत्तर प्रती जशाच्या तशा आहेत, हे सांगायला मी तोंड उघडत होतो. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. पिक्चर मोबाइलवर कुठे बघायला मिळेल, एवढंच त्यांना हवं होतं.

तुमचं नाव मी बाराव्या क्रमांकावर लिहून ठेवलं आहे.